कोरें कापड आणि कोरें चित्र

भिवंडीच्या यंत्रमागावरून नुकताच उतरलेला तागा पाहण्यास सुंदर नसतो. त्याचा रंग मळकट पिवळसर असतो. ताण्याला दिलेली खळ त्यांत तशीच राहिल्यामुळें तो हाताला खरखरीत लागतो. आणि बाजारांत त्याला 'ग्रे' असें साधें नांव पडलेलें आहे. हा तागा रंगविणें हें माग चालविणाऱ्याचें काम नव्हे. तो प्रोसेस हाऊसमध्यें जातो, तेथें प्रथम त्याची खळ काढतात, नंतर ब्लीच करतात, आणि मगच रंगाची किंवा छपाईची पाळी येते. एकाच विणीच्या कोऱ्या कापडाचा कोठें शाळेचा सदरा होतो, तर कोठें अस्तर होतें. पुढें काय व्हावयाचें तें मागावर ठरलेलें नसतें, आणि कोऱ्या मालाची खरी किंमत नेमकी ह्याच गोष्टींत असते. मात्र विणतांना सूतच विरळ पडलें असेल, तर जगांतील कोणताहि रंगारी तें भरून काढूं शकत नाहीं.

चित्रपटाच्या धंद्यांतहि असेंच एक कोरें कापड आहे. कॅमेऱ्यांतून नुकतेंच निघालेलें, अद्याप न कापलेलें आणि न रंगविलेलें चित्र, हें तें कापड होय. आज तें संगणकाच्या फाइलीच्या रूपानें हातीं येतें. आणि संकलनासाठीं व रंगसंस्कारासाठीं तें कोणत्या 'कोडेक'मध्यें ठेवावें हा प्रश्न मुंबईच्या मोठ्या स्टुडिओला जसा पडतो, तसाच भिवंडीच्या गल्लींत लग्नाचीं चित्रणें करणाऱ्या तरुणालाहि पडतो. कोडेक म्हणजे चित्राच्या अगणित आंकड्यांची घडी घालण्याची आणि ती पुन्हां उलगडण्याची रीत. घडी जितकी लहान तितकी जागा कमी लागते. परंतु फार दाबून घातलेल्या घडीच्या सुरकुत्या पुढें कोणत्याहि इस्त्रीनें जात नाहींत. हा प्रश्न नवा वाटला तरी त्याचा इतिहास शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. त्या इतिहासाचे महाराष्ट्रांतील दोन मुक्काम, नाशिक आणि मालेगांव, भिवंडीवरून जाणाऱ्या त्याच मुंबई-आग्रा रस्त्यावर यावेत, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

दादासाहेब फाळके १९१२ सालीं लंडनला गेले, आणि परत येतांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला भोकें पाडण्याचें यंत्र, व धुण्याछापण्याचें साहित्य ह्यांची जुळवाजुळव करून आले. त्या काळीं कच्ची फिल्म कांठाला भोकें न पाडलेली अशी मिळे. तीं भोकें आपल्या घरींच, अंधाऱ्या खोलींत बसून पाडावीं लागत. दादरच्या घरांत हें काम सरस्वतीबाई फाळके ह्यांनीं केलें; फिल्म धुण्याच्या कामींहि त्यांचा हात होता. भोंकांमधील अंतर केसभर चुकलें कीं पडद्यावर चित्र थरथरावयाचें, म्हणून ह्या कामाला हलकें मानणें हा मोठा अन्याय होईल. अशा रीतीनें सिद्ध झालेला, सुमारें ३,७०० फूट लांबीचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें लोकांना दाखविला गेला. त्याच वर्षीं फाळक्यांनीं आपलें बिऱ्हाड नाशिकला हालविलें. १९१७ सालीं त्यांनीं हाच विषय पुन्हां चित्रित केला. आणि पुण्याच्या संग्रहालयांत जीं दोन रिळें आज शिल्लक आहेत तीं पहिल्या चित्रपटाचीं कीं दुसऱ्या, ह्याविषयीं अभ्यासकांत अद्याप मतभेद आहे.

त्या वेळच्या फिल्मचा एक गुण येथें मुद्दाम सांगितला पाहिजे. तिला तांबडा रंग दिसत नसे. तांबडें वस्त्र पडद्यावर काळें दिसे, आणि निळें आकाश पांढरें फटफटीत होई. म्हणजे कोणता तपशील टिपावयाचा आणि कोणता सोडावयाचा ह्याचा निवाडा दिग्दर्शकाच्या आधीं कच्च्या मालानेंच करून टाकलेला असे. आजच्या कोडेकच्या निवडीचें सारें मर्म ह्या एका गोष्टींत आहे. जें टिपलेंच गेलें नाहीं, तें मागाहून रंगवितां येत नाहीं.

पुढें बोलपटांचे दिवस आले, मोठे स्टुडिओ उभे राहिले, आणि कोरें चित्र जपण्याची एक शिस्तबद्ध रीत ठरून गेली. मूळ निगेटिव्हला संकलक हात लावीत नसे. तिच्यावरून एक कामाची प्रत छापली जाई. तिलाच कात्री लागे, तिलाच ओरखडे पडत, तीच पुन्हां पुन्हां जोडली जाई. फिल्मच्या कांठावर ठराविक अंतरानें आंकडे उमटलेले असत. कामाच्या प्रतीवर सर्व कापाकापी संपली, म्हणजे त्या आंकड्यांच्या आधारें मूळ निगेटिव्ह एकदांच, हातमोजे घालून, कापली जाई. नंतर प्रयोगशाळेंतील माणूस प्रत्येक दृश्यासाठीं छपाईचा प्रकाश किती द्यावयाचा तें ठरवी. रंगीत चित्रांच्या काळांत तांबडा, हिरवा व निळा अशा तीन प्रकाशांच्या मात्रा एकापासून पन्नासपर्यंतच्या आंकड्यांनीं मोजल्या जात. आज ज्याला 'कलर ग्रेडिंग' म्हणतात त्याचें मूळ हेंच होय. आणि आज 'प्रॉक्सी' नांवाच्या हलक्या प्रतीवर काम करून शेवटीं मूळ फाइलीशीं गांठ घालण्याची जी रीत आहे, ती ह्या कामाच्या प्रतीचीच नात म्हणावयास हरकत नाहीं.

रंगाच्या बाबतींत मराठी मंडळींनीं फार लौकर धाडस केलें. कोल्हापुरांत १ जून १९२९ रोजीं स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ सालीं पुण्यास आली, आणि त्याच वर्षीं व्ही. शांताराम ह्यांचा 'सैरंध्री' रंगीत करण्याचा घाट तिनें घातला. चित्रण झालें, धुण्याछापण्यासाठीं तें जर्मनींत न्यावें लागलें, परंतु पडद्यावर उतरलेले रंग मनासारखे आले नाहींत. ह्यांत कोणाचें कौशल्य कमी पडलें असें म्हणतां येणार नाहीं. चित्र टिपण्याची जागा एकीकडे आणि त्याला रंग चढविण्याची जागा सात समुद्रांपलीकडे, अशी स्थिति असतां मध्यें काय हरपलें तें परत येईपर्यंत कळण्याचा मार्गच नव्हता. चार वर्षांनीं, १९३७ सालीं, अर्देशीर इराणी ह्यांनीं 'किसान कन्या' हा रंगीत चित्रपट मुंबईंतच सिद्ध केला. शांतारामांनीं मात्र रंगाचा नाद सोडला नाहीं. १९५५ सालच्या त्यांच्या 'झनक झनक पायल बाजे'नें ती हौस पुरेपूर फेडून घेतली.

मुंबईस दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि पुढील दहापंधरा वर्षांत चुंबकीय फीत घरोघर आली. ह्या फितीनें चित्रण स्वस्त केलें हें खरें; परंतु निगेटिव्ह नांवाची वस्तूच तिनें नाहींशी केली. दोन व्हीसीआर शेजारीं ठेवून, एकावर चालू केलेलें दृश्य दुसऱ्यावर उतरवून घेणें, हेंच संकलन होऊन बसलें. प्रत्येक उतरवणीबरोबर रंग पसरे, कडा फुगत, चित्रावर कचकच वाढे. तिसऱ्या प्रतीला नवरीच्या शालूचा जांभळा रंग तिच्या कानापर्यंत ओघळलेला दिसे, आणि लोक त्यालाहि लग्नाची कॅसेट म्हणून हौसेनें पाहत.

ह्याच साधनांच्या बळावर मालेगांवांत एक नवल घडलें. भिवंडीप्रमाणेंच यंत्रमागांवर जगणाऱ्या ह्या गांवांत व्हिडिओ पार्लर चालविणारे नासिर शेख ह्यांनीं २००० च्या सुमारास 'मालेगांव के शोले' हें विडंबन काढलें. त्यांच्या पुढील 'मालेगांव का सुपरमॅन' ह्या उद्योगावर फैजा अहमद खान ह्यांनीं २००८ सालीं जो माहितीपट केला, त्यामुळें ह्या गांवाचें नांव देशोदेशीं गेलें. त्यांतील सुपरमॅन यंत्रमागावर काम करणारा एक किडकिडीत तरुण होता. त्याला आकाशांत उडवावयाचें म्हणून मागें हिरवा पडदा लावण्याची युक्ति योजावी लागली. ही युक्ति ऐकावयास सोपी आहे. हिरवें तेवढें काढून टाकावें व तेथें आकाश बसवावें. परंतु नेमक्या ह्याच ठिकाणीं स्वस्त चित्रणाचें पितळ उघडें पडतें.

१९९५ च्या सुमारास आलेल्या डीव्ही पद्धतींत चित्राचे आंकडे सेकंदाला अडीच कोटी बिटांत बसविले जात. त्यासाठीं एक काटकसर केलेली असे. मनुष्याच्या डोळ्याला उजेडअंधाराचा बारकावा पुष्कळ कळतो, रंगाचा तितका कळत नाहीं. म्हणून प्रत्येक ठिपक्याचा उजेड स्वतंत्र ठेवावयाचा, आणि रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकच ठेवावयाचा. ह्या रीतीला चार-दोन-शून्य असें म्हणतात. आपल्याकडील डीव्ही ह्याच रीतीची होती. नुसत्या पाहण्याला ही काटकसर खपून जाते. परंतु हिरवा पडदा काढणारें यंत्र डोळ्यानें पाहत नाहीं, तें रंगाच्या आंकड्यांवर चालतें. आणि चौघांत एकच रंग असल्यामुळें माणसाच्या केसांची कड त्याला जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसते. दोन ठिपक्यांत एक रंग ठेवणाऱ्या चार-दोन-दोन पद्धतींत हीच कड पुष्कळ सुधारते. मालेगांवच्या सुपरमॅनवर सर्व जगानें प्रेम केलें तें त्याच्या कडा स्वच्छ होत्या म्हणून नव्हे, हें वेगळें सांगावयास नको.

आंकड्यांची घडी घालण्याची जी विद्या ह्या सर्वांच्या मुळाशीं आहे, तिच्याशींहि एका नासिरांचेंच नांव जोडलेलें आहे. बंगळूरला १९४० सालीं जन्मलेले नासिर अहमद हे अमेरिकेंत कॅन्सस येथील विद्यापीठांत शिकवीत असत. चित्राची माहिती दाबण्याची एक गणिती युक्ति त्यांना सुचली, आणि १९७२ सालीं तिच्यावर काम करण्यासाठीं त्यांनीं सरकारी विज्ञानसंस्थेकडे द्रव्यसाहाय्य मागितलें. तें नाकारलें गेलें. तरी त्यांनीं टी. नटराजन हा आपला विद्यार्थी आणि के. आर. राव हे मित्र ह्यांना बरोबर घेऊन काम पुरें केलें, आणि जानेवारी १९७४ मध्यें तें प्रसिद्ध झालें. युक्ति थोडक्यांत अशी: चित्राचे आठ ठिपके रुंद व आठ ठिपके उंच असे चौकोन पाडावयाचे, प्रत्येक चौकोनांत एकंदर उजेड किती, सावकाश होणारे बदल किती, आणि झरझर होणारे बारीक बदल किती, असा हिशेब मांडावयाचा, आणि ज्या बारीक बदलांकडे डोळ्याचें लक्ष जात नाहीं त्यांचे आंकडे गोळाबेरीज करून ठेवावयाचे. आज खिशांतल्या दूरध्वनीवर दिसणारीं बहुतेक छायाचित्रें ह्या तिघांच्या गणितावर उभीं आहेत. द्रव्य नाकारणाऱ्या परीक्षकांचीं नांवें मात्र कोणाच्या स्मरणांत नाहींत.

आतां संकलनाच्या खऱ्या अडचणीकडे वळावयाचें. २००३ सालीं एच.२६४ ही पद्धति ठरली. तिनें घडी फारच लहान केली. परंतु त्यासाठीं दरेक चित्र स्वतंत्र ठेवण्याचें सोडून दिलें. एक चित्र पूर्ण ठेवावयाचें आणि पुढील पांचपंचवीस चित्रांत 'मागच्यापेक्षां काय बदललें' एवढेंच लिहावयाचें, अशी ती रीत. जमाखर्चाच्या वहींत रोजची शिल्लक न मांडतां केवळ उलाढालच लिहावी, तसें हें झालें. शेवटचें पान पाहणाऱ्याला तें चालतें. परंतु मधल्याच एका दिवसाची शिल्लक पाहिजे असेल तर मागील सर्व पानें बेरजेला घ्यावीं लागतात. संकलक तर नेहमीं मधलेंच पान मागतो. तो चित्र पुढें नेतो, मागें आणतो, एका चित्रावर थांबतो. आणि दर वेळीं संगणकाला तो सारा हिशेब पुन्हां करावा लागतो. २००८ सालीं कॅनन कंपनीचा फाइव्ह डी मार्क टू हा छायाचित्रांचा कॅमेरा चलच्चित्रहि टिपूं लागला, लग्नाच्या मांडवांत त्याच्या जातीच्या कॅमेऱ्यांची गर्दी झाली, आणि ही अडचण गांवोगांव पोंचली.

तिच्यावर उपाय तोपर्यंत निघालेला होता. ॲव्हिड कंपनीनें २००४ सालीं डीएनएक्सएचडी आणि ॲपलनें २००७ सालीं प्रोरेस अशा दोन पद्धति काढल्या. ह्यांत प्रत्येक चित्र स्वतःपुरतें पूर्ण असतें, रंग चार-दोन-दोन असतो, आणि उजेडाच्या पायऱ्या आठ बिटांच्या २५६ ऐवजीं दहा बिटांच्या १,०२४ ठेवतां येतात. ह्या दोन्ही पद्धति पाहणाऱ्यासाठीं नव्हत. त्या कारखान्याच्या आंतल्या कामासाठीं आहेत. त्यांना जागा किती लागते हें आंकड्यांनींच पाहिलेलें बरें. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचें, सेकंदाला पंचवीस चित्रांचें, दहा बिटांचें चार-दोन-दोन चित्र मुळींच न दाबतां ठेवलें तर तासाला सुमारें ४६६ गिगाबाइट लागतात. तेंच प्रोरेसच्या एचक्यू प्रकारांत सुमारें ८३ गिगाबाइटांत मावतें. सेकंदाला चार कोटी बिटांच्या एच.२६४ मध्यें तर अठरा गिगाबाइटच पुरतात. अठरांतलें एकदम ८३ वर नेलें म्हणजे चित्र साडेचारपट चांगलें झालें अशी पुष्कळांची समजूत होते, आणि ती चुकीची आहे. जाडेंभरडें कापड उंची गठ्ठ्यांत बांधलें म्हणून तलम होत नाहीं. ह्या बदलानें दोनच गोष्टी साधतात: संगणकाचा हिशेब हलका होतो, आणि पुढील संस्कारांत नवी झीज फारशी होत नाहीं. आठ बिटांत टिपलेल्या संध्याकाळच्या आकाशांत रंग ताणतांच जे पट्टे उमटतात, ते प्रोरेसमध्यें नेल्यानेंहि उमटतातच.

ते पट्टे टाळावयाचे तर सुधारणा कॅमेऱ्यांतच व्हावयास पाहिजे, आणि येथें 'रॉ' म्हणजे कच्च्या चित्राची गोष्ट येते. कोडॅकमधील ब्राइस बेयर ह्यांनीं १९७६ सालीं पेटंट घेतलेल्या रचनेप्रमाणें कॅमेऱ्याच्या पटलावरील प्रत्येक ठिपका एकाच रंगाचा उजेड मोजतो. त्यांतले अर्धे हिरवा, पाव तांबडा, पाव निळा. उरलेले रंग शेजाऱ्यांवरून अनुमानानें भरावे लागतात. हें अनुमान करण्यापूर्वींचे मूळ आंकडे म्हणजे रॉ. पांढरा कोणता मानावयाचा हेंहि त्यांत ठरलेलें नसतें. खरें ग्रे कापड तें हेंच. रेड कंपनीनें २००७ सालीं तें दाबून टिपणारा कॅमेरा विकावयास काढला, आणि एरी कंपनीचा अलेक्झा २०१० सालीं आला. अलेक्झाची एक गोष्ट विशेष. रॉ बाहेर देण्याची सोय असतांहि त्यांत प्रोरेस टिपण्याची सोय ठेवलेली होती, आणि अनेक दिग्दर्शकांनीं तीच पसंत केली. तें प्रोरेस 'लॉग' रीतीचें असे; म्हणजे उजेडाच्या पायऱ्या सावलीपासून तेजापर्यंत सारख्या वांटून दिलेल्या. चित्र पडद्यावर फिकट व निर्जीव दिसे. पण ताणावें तसें ताणलें जाई. ही वांटणीहि अलेक्झाची नव्हे. फिल्मवरील चित्र संगणकांत घेण्यासाठीं कोडॅकनें सिनिऑन ह्या आपल्या योजनेंत नव्वदच्या सुमारास दहा बिटांची लॉग रीतच वापरली होती.

कच्चें चित्र कॅमेऱ्यांतच दाबण्याच्या कल्पनेवर रेड कंपनीनें पेटंट घेऊन ठेवलें, आणि बरींच वर्षें तें इतरांच्या वाटेंत धोंड्यासारखें पडून राहिलें. ॲपलनें २०१८ सालीं प्रोरेस रॉ काढलें आणि पुढच्या वर्षीं ह्या पेटंटाला आव्हान दिलें; तें टिकलें नाहीं. ब्लॅकमॅजिक कंपनीनें २०१८ सालींच दुसरी वाट धरली. रंग भरण्याच्या अनुमानाचा कांहीं भाग कॅमेऱ्यांतच उरकून तिनें आपली निराळी रॉ पद्धति काढली. निकॉनवर रेडनें २०२२ सालीं फिर्याद केली, ती पुढच्या वर्षीं मिटली, आणि २०२४ सालीं निकॉननें रेड कंपनीच विकत घेतली! वादाचा असा शेवट कोर्टकचेऱ्यांत मुरलेल्या भिवंडीकर व्यापाऱ्यालाहि पटण्यासारखा आहे.

एवढा इतिहास पाहिल्यावर लहान गांवांतल्या चित्रण करणाऱ्यानें काय करावें तें फारसें अवघड राहत नाहीं. नुसतें कापून जोडावयाचें असेल आणि संगणक नवा असेल, तर कॅमेऱ्याची फाइलच थेट वापरावी. संगणक अडखळत असेल तर प्रोरेस किंवा डीएनएक्सच्या हलक्या प्रकारांत प्रॉक्सी कराव्या, आणि रंग देण्याच्या वेळीं मूळ फाइलीकडे परत जावें. रंग पुष्कळ बदलावयाचा असेल, तर पैसा मोठ्या डिस्कवर खर्च करण्याआधीं दहा बिट टिपणाऱ्या कॅमेऱ्यावर करावा. रॉचा हट्ट लग्नकार्यांत धरूं नये; आठ तासांच्या समारंभाचें रॉ सांभाळणें हें गिऱ्हाइकाच्या पैशाला परवडत नाहीं. परंतु कोडेक कोणताहि निवडला, तरी मूळ फाइली पुसून टाकून फक्त तयार चित्रपट ठेवण्याची जी संवय आज सर्वत्र दिसते ती वाईट आहे. ती म्हणजे कामाची प्रत जपून निगेटिव्ह जाळण्यासारखें झालें.

निगेटिव्ह जळणें ही महाराष्ट्रांत केवळ उपमा राहिलेली नाहीं. १९३१ सालच्या 'आलम आरा' ह्या पहिल्या भारतीय बोलपटाची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. प्रभातच्या पुण्याच्या जागेंत १९६० सालीं चित्रपटशिक्षणाची संस्था निघाली, आणि १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, पी. के. नायर ह्यांनीं देशभर हिंडून त्यासाठीं रिळें गोळा केलीं. ८ जानेवारी २००३ रोजीं त्याच आवारांतील नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली, आणि प्रभातच्या काळांतील कित्येक मूळ रिळें तिच्यांत नष्ट झालीं. ज्यांच्या प्रति आधींच दुसऱ्या फिल्मवर उतरवून घेतल्या होत्या ते चित्रपट वांचले. 'संत तुकाराम' आज पाहतां येतो तो अशा उतरवून घेतलेल्या प्रतींमुळें.

अलीकडे जुन्या रिळांतील एकेक चित्र निराळें टिपून डीपीएक्स नांवाच्या न दाबलेल्या फाइलींत ठेवतात. कांहीं ठिकाणीं एफएफव्ही१ ही पद्धति वापरतात. तिच्यांत घडी घातली तरी एकहि आंकडा हरपत नाहीं, आणि तिचें वर्णन २०२१ सालीं सर्वांस खुलें असें प्रमाण म्हणून प्रसिद्ध झालेलें असल्यामुळें ती कोणा एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाहीं. तिच्यांत रंग चढवीत नाहींत, संकलनहि करीत नाहींत. तें सारें दुसऱ्या प्रतीवर चालतें. ही फाइल कोठारांत कोरीच राहते.